दीड फेरा

भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला पगार विचारला नाही. एकटी का, स्वयंपाकात काय काय करता, पाहुणे किती येतात, यातलंही काही नाही. सरळ गच्चीवर नेलं, पत्र्याच्या आडोशाला ठेवलेल्या एका जुनाट जनरेटरसमोर उभं केलं आणि म्हणाले, "दोर ओढ."

मला वाटलं, गंमत करतायत. पण चेहऱ्यावर गंमत नव्हती. मी पर्स खाली ठेवली आणि दोर खेचला. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला तर खांद्यात कळ आली.

"जोर नाही लागत याला," ते म्हणाले. "आधी हळू ओढ, जड लागेपर्यंत. जड लागलं की थांब. मग एका दमात."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला ते धूड खोकलं आणि सुरू झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनाकडे वाकून थोडा वेळ उभे राहिले, मग बंद केलं आणि म्हणाले, "चलो. सामान कधी आणते?"

नंतर त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं की माझ्या आधी एक बँकेतला माणूस घर बघून गेला होता. दोर हातात घेताच त्याने सात-आठ हिसके मारले. त्याला जागा मिळाली नाही. "हवा जास्त आहे त्याच्यात," एवढंच काका म्हणाले.

माणसं मोजायची ही त्यांची पद्धत होती. इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालं की ते तापतं, वरखाली होतं, दम धरत नाही. पेट्रोल जास्त झालं की जड होतं आणि काळा धूर टाकतं. त्यामुळे शेजारचे वकील 'हवा जास्त', भाजीवाला 'पेट्रोल जास्त', बंगळूरला असलेला स्वतःचा मुलगाही 'पेट्रोल जास्त'. माझ्याबद्दल त्यांनी काकूंजवळ वेगळाच निकाल दिला होता: "हिचा चोक ओढलेलाच राहिलाय." गार इंजिन सुरू करताना चोक ओढतात आणि ते गरम झालं की सोडून देतात. मी सोडलाच नाही, कायम सुरुवातीच्याच घाबरेपणात चालले आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. ऐकून राग आला. खोटं मात्र नव्हतं.

मी घाबरलेलीच होते. पुण्याहून बदली झाली तेव्हा बाबांना बरोबर आणण्यावाचून इलाज नव्हता. आई गेलेली, मी एकुलती एक. बाबांची फुप्फुसं निकामी होत चाललेली, चोवीस तास नाकात नळी आणि पलंगाशेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. अशा माणसाला दिल्लीच्या हवेत नेतेस, म्हणून आत्या-मामांनी जे बोल लावले ते मी रोज ऑफिसला जाताना मेट्रोत पुन्हा ऐकायचे. गाझियाबादच्या या अरुंद तिमजली घरात वरचा मजला आमचा, मधला त्यांच्या मुलासाठी कुलूप लावून ठेवलेला, खाली काका आणि काकू.

काका अमरावतीकडचे. विशीत दिल्लीला आले आणि एका सरकारी वर्कशॉपमध्ये निवृत्त होईपर्यंत इंजिनं दुरुस्त करत राहिले. पाणी खेचायचे पंप, फवारणीची यंत्रं, जनरेटर, सगळी हवेवर गार होणारी छोटी इंजिनं. पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनांविषयी ते श्रीमंत नातेवाइकांविषयी बोलावं तसं बोलायचे. वर्कशॉपने मोडीत काढलेला एक जनरेटर लिलावात घेऊन ते घरी आले, तोच हा गच्चीवरचा.

दर रविवारी अकराला तो सुरू व्हायचा. वीज असो वा नसो. काका आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात एकच स्क्रूड्रायव्हर घेऊन जिना चढायचे. इंजिन गरम होऊ द्यायचं, मग हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा छोटा पितळी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढायचा. "दीड फेरा ही फक्त पत्त्यातली गल्ली झाली," ते म्हणायचे. "घर कानाने शोधायचं." मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ दातांत धरायची, डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"दातांनी काय ऐकू येतं, काका?"

तोंडातून स्क्रूड्रायव्हर काढून ते म्हणाले, "कानात गल्लीचा गोंगाट शिरतो. दातात फक्त मशीन." आणि पुन्हा डोळे मिटले. इंजिन चालू असताना कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. काकूंनी एकदा दूध उतू गेल्याचं वर येऊन सांगितलं, तर इंजिन बंद होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

आमचं फाटलं ते पहिल्याच हिवाळ्यात. नोव्हेंबरची ती पिवळी, डोळ्यांत चरचरणारी हवा. बाबांचा ऑक्सिजन आठवडाभर खाली खाली जात होता. त्या रविवारी अकराला वर जनरेटर सुरू झाला आणि पाचेक मिनिटांत न्हाणीघराच्या झरोक्यातून धूर आत आला. बाबा खोकायला लागले. खोकला थांबेना. मी तशीच गच्चीवर धावले.

काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एक वाक्य मात्र आठवतं, कारण ते मला नंतर कित्येक दिवस झोपू देत नव्हतं: "तुमच्या या डबड्याच्या नादात माझे बाबा मरतील, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही!"

काकांनी इंजिन बंद केलं. कार्बोरेटरकडे पाहत थोडा वेळ उकिडवे बसून राहिले. मग पाना घेतला, इंजिनाचा स्पार्क प्लग काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. गरम होता.

"हा तुझ्याजवळ ठेव," ते म्हणाले. "आता नाही होणार सुरू."

मी प्लग घेऊन खाली आले. बाबा सावरले होते. मी सांगितलं, बंद करायला लावलं म्हणून.  बाबांना एक वाक्य दोन श्वासांत तोडून बोलावं लागायचं.

"मला विचारायचंस," ते म्हणाले. "तो आवाज... मला आवडायचा गं. रविवार कळायचा. खिडकी लावली असतीस तर... भागलं असतं."

मी प्लग कणकेच्या डब्यामागे ठेवून दिला. त्यानंतर काका माझ्याशी बोलेनासे झाले. जिन्यात मी 'काका, येते' म्हणायची, ते तसेच पुढे जायचे. काकूंचं येणंजाणं चालू होतं, बुद्धपौर्णिमेची खीरही वर आली, पण काकांचा शब्द नाही. मला वाटलं, धरून बसलाय म्हातारा. माफी मागायला दोनदा खाली उतरले आणि दोन्ही वेळा दारातून परतले.

मग जून आला.

आदल्या संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला. सगळी गल्ली अंधारात गेली. आमच्या इन्व्हर्टरवर बाबांचं मशीन रात्रभर कसंबसं निघालं. सकाळी आठला इन्व्हर्टरने शेवटची शिट्टी मारली. मी नळी सिलिंडरला जोडली. अडीअडचणीसाठी ठेवलेला तो छोटा सिलिंडर, त्यातला काही भाग मेमधल्या वीजकपातीत गेलेला. भरलेला दुसरा देणाऱ्या माणसाला फोन केला. "मॅडम, चार के बाद ही हो पाएगा, आधे शहर की लाइट गई हुई है." अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, दोन तास तरी, जास्तच.

"हॉस्पिटल नको," बाबा म्हणाले. मागच्या खेपेला तिथून ते तीन आठवड्यांनी, निम्मे होऊन परतले होते.

मी सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं. साधारण बारापर्यंत. मनाशी ठरवलं, काटा लाल पट्ट्याला लागला की टॅक्सी बोलवायची आणि बाबा काही म्हणोत, न्यायचं. बाहेर नऊलाच रस्ता तापला होता. त्या उन्हात, दोन जिने उतरवून, गाडीत... पुढचा विचार करवेना.

कणकेच्या डब्यामागे हात घातला. प्लग तिथेच होता.

काकांचं दार उघडंच होतं. ते हातपंख्याने वारा घेत खुर्चीत बसले होते. मी आत गेले. मूठ उघडून प्लग पुढे धरला. त्यांनी प्लगकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीतून उठता उठता काकूंना म्हणाले, "तू वर जाऊन बाबांजवळ बस. सिलिंडरच्या काट्यावर नजर ठेव."

नोव्हेंबरबद्दल एक अक्षर नाही. मी जिन्यात 'काका, मला माफ' एवढं म्हणाले, तेही त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गच्चीवर लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहत होती. काकांनी ओला गमछा दोरीवर टाकला, तो कोणत्या बाजूला उडतो ते पाहिलं आणि म्हणाले, "धूर तिकडे जाईल, मागच्या प्लॉटवर. तरी झरोक्यात चादर कोंब, सगळ्या खिडक्या लाव." मी जाऊन लावून आले, तोवर त्यांनी टाकी रिकामी केली होती. सात महिन्यांचं पेट्रोल. वार्निशसारखा वास येत होता त्याला.

"हेच खरं दुखणं," ते म्हणाले. "पेट्रोल उडून जातं, चिकटा मागे राहतो."

खालच्या स्कूटरमधून नळीने ओढून मी नवं पेट्रोल आणलं. तोंडात एक घोट गेला. वर आले तर कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडलेला. ज्यातून पेट्रोल आत जातं ते पितळी जेट काकांनी उन्हाकडे धरलं. सुईच्या टोकाएवढं भोक, पण उजेड दिसत नव्हता. त्यांनी एका वायरीतली तांब्याची एकच तार सोलून काढली आणि ती भोकातून हळूहळू पुढेमागे करायला लागले.

"पिनेने करू का, काका? लवकर होईल."

त्यांनी उत्तर दिलं नाही. तार, पेट्रोल, फुंकर. तार, पेट्रोल, फुंकर. माझ्या डोक्यात काटा फिरत होता. शेवटी उन्हाचा एक बारीक ठिपका जेटमधून त्यांच्या गालावर पडला.

सगळं जोडलं. प्लग बसवला. मी दोर धरला. जड लागेपर्यंत हळू, मग एका दमात. नाही. पुन्हा. नाही. हाताला फोड आला. अकराव्या की बाराव्या खेपेला इंजिन पेटलं, आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

पण ते नीट चालेना. आवाज वर चढायचा, अगदी किंचाळेपर्यंत, मग एकदम बसायचा, बंद पडतंय म्हणेपर्यंत, आणि पुन्हा चढायचा. काकांनी जनरेटरला एक बल्ब जोडला होता. तो आवाजाबरोबर भगभगायचा आणि लालसर व्हायचा.

"असं असताना बाबांचं मशीन लावायचं नाही," ते ओरडून म्हणाले. "जळून जाईल."

खालून काकूंची हाक आली, "काटा पट्ट्याच्या जवळ आलाय गं!"

काकांनी स्क्रू पूर्ण आत बसवला, दीड फेरा बाहेर काढला. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. मग स्क्रू थोडा फिरवला. पुन्हा दातांत धरून थांबले. पुन्हा फिरवला. आवाज सुधारत नव्हता, बिघडत होता. आता मधूनमधून फटाक्यासारखे बार निघत होते. मला कळत होतं, कोणालाही कळलं असतं. ते मात्र त्याच दिशेने फिरवत होते.

"काका, उलट!" मी ओरडले. "उलट बाजूला!"

त्यांनी मान वळवली नाही. मी दोन हात अंतरावर उभी होते. पुन्हा ओरडले. शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावला, तर दचकले. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. ते तिथेच तापलेल्या फरशीवर बसले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"डावा कान पूर्ण गेलाय, दोन वर्षं झाली. उजवा जातोय. दातांनी भागत होतं." त्यांनी तोंडाजवळ हात नेला. "मार्चमध्ये सगळे दात काढले. ही कवळी आहे. हिच्यातून काहीच येत नाही."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती दिवस असेच ओठांकडे बघत असतील, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"काय सांगू? आयुष्यभर लोक म्हणायचे, याच्या कानाला मशीन घाबरतं." ते थांबले. "तू रागावली होतीस त्या दिवशी मला अर्धंच कळलं. पण चेहरा दिसत होता."

"काटा पट्ट्याला लागला!" खालून काकू.

मी फोनकडे हात नेला. टॅक्सी. काकांनी माझं मनगट पकडलं.

"पाच मिनिटं दे. तू ऐक, मी फिरवतो."

"मला यातलं काहीही कळत नाही, काका."

"आत्ता माझी चूक तुला कळली ना? मग कळतं." त्यांनी बोट उभं केलं. "आवाज चढत गेला की बोट वर. बसत गेला की खाली. सारखा राहिला की मूठ. आणि तोंड बंद ठेव, नाहीतर मी तोंडाकडे बघत बसेन."

इंजिन या वेळी पहिल्याच दमात लागलं. काकांनी स्क्रू पुन्हा दीड फेऱ्यावर आणला आणि माझ्या हाताकडे बघत बसले. मी डोळे मिटले. आवाज चढला, बोट वर. बसला, बोट खाली. पुन्हा वर.  मला फक्त काटा दिसत होता आणि बाबांची छाती. एक वेळ आवाज सारखा वाटला म्हणून मी मूठ वळली आणि पुढच्याच क्षणी तो कोसळला. मी घाबरून डोळे उघडले. काका हसले नाहीत, रागावले नाहीत. नुसती मान हलवली. पुन्हा.

मी पुन्हा डोळे मिटले. या वेळी घाई केली नाही. चढ लहान होत गेला. उतार लहान होत गेला. बोट वर, बोट खाली, मग बोट कुठे न्यावं तेच कळेना, कारण आवाज कुठे जातच नव्हता. तरी मी थांबले. मनात वीसपर्यंत मोजलं. मग मूठ वळली.

डोळे उघडले तर बल्ब संथ जळत होता.

वजन टाकून पाहायला काकांनी घरातून आणलेली इस्त्री जनरेटरला जोडली. वजन पडल्यावर इंजिन जरा दबलं, बोट खाली गेलं, त्यांनी केसभर स्क्रू फिरवला, पुन्हा मूठ. मग इस्त्री काढून त्यांनी खाली बाबांच्या खोलीत सोडलेली लांब वायर जोडली आणि मला जिन्याकडे ढकललं.

बाबांच्या खोलीत मशीनने एक लांब शिट्टी दिली आणि पिवळा दिवा लागला. पुरेसा ऑक्सिजन तयार व्हायला त्याला काही मिनिटं लागतात, तोवर नळी सिलिंडरवरच ठेवायची होती. काटा लाल पट्ट्याच्या मधोमध. काकू बाबांचा हात धरून बसल्या होत्या. बाबांचे ओठ निळसर दिसत होते, की खिडक्या बंद म्हणून मला तसं वाटत होतं, कोण जाणे.  वरून इंजिनाचा आवाज येत होता, सारखा, एकाच पट्टीत, आणि मी त्याला कान लावून उभी होते.

दिवा हिरवा झाला. मी नळी बदलली. बाबांनी दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "रविवार आहे का आज?"

वीज आली साडेचारला. तोपर्यंत काका गच्चीवरून हलले नाहीत. मी पाणी घेऊन गेले, जेवण घेऊन गेले, हात जोडले. "हवेवर गार होणारं इंजिन आहे," ते म्हणाले, "आणि आज हवाच गार नाही. कोणीतरी पाहिजे जवळ." ते ओल्या गमछ्याखाली बसून एक हात जनरेटरच्या चौकटीवर ठेवून होते. कापरं बदललं की हाताला कळतं म्हणाले. मधे एकदा पेट्रोल भरायला इंजिन बंद करावं लागलं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही म्हणून दहा मिनिटं थांबलो, आणि ती दहा मिनिटं सिलिंडरच्या तळाशी जे काही उरलं होतं त्याने निभावली.

वीज आल्यावर गल्लीत एकच ओरडा झाला. कुलर, टीव्ही, पंप, सगळं एकदम सुरू झालं. मी वर गेले. काका तसेच बसलेले, हात चौकटीवर, चेहरा लालबुंद. गल्लीतला एवढा गलका त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी पुढे होऊन इंजिन बंद केलं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. उभं राहताना तोल गेला. दोन दिवस ते अंथरुणावर होते, सलाइन लावावी लागली. मुलगा बंगळूरहून आला, माझ्याकडे रागाने बघत राहिला, आणि जाताना बापाला कानाचं यंत्र घेऊन देऊन गेला. ते काकांना आवडलं नाही. "यात सगळ्यांचाच आवाज सारखा येतो," म्हणाले. बहुतेक वेळ ते टेबलावरच पडलेलं असायचं.

जिन्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं ते रागाने की ऐकू न आल्याने, असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "दोन्ही गं."

बाबा पुढच्या जानेवारीत गेले, हॉस्पिटलमध्येच, पहाटे झोपेत. सगळं उरकून मी घरी आले. भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन ती माणसं आधीच घेऊन गेली होती. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी काका वर आले. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, बाबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

मी बोलायला लागले. बाबा पोस्टात होते ते, पत्ता अर्धवट असला तरी पत्र परत पाठवायचे नाहीत ते, आईच्या आजारपणात रांधायला शिकले ते, मला सायकल शिकवताना स्वतः पडले ते. आत कोंडलेलं सगळं बाहेर यायचं होतं, ते येत राहिलं. खिडकीबाहेर अंधारून आलं तरी मी दिवा लावला नव्हता. मग केव्हातरी माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. कानात यंत्र नव्हतं. आणि एवढ्या अंधारात त्यांना माझे ओठही दिसत नसणार.

मी बोलायची थांबले.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाले, "आणखी सांग."